अर्ध्या शटरमागची मुलाखत

प्रिय सई आणि अर्णव,

रविवारी फोनवर सईने विचारलं, फार्मसीच्या मुलाखतीला काय विचारतात, आजी, तुला माहीत असेल ना? मी म्हटलं, तुमच्या तिकडच्या विद्यापीठांचं मला काही ठाऊक नाही. ते खरंच आहे. पण फोन ठेवल्यावर वाटलं की उत्तर अपुरं दिलं. जव्हारच्या बाजारातल्या एका मेडिकलच्या दुकानात, अर्ध्या ओढलेल्या शटरमागे बसून मी कित्येक वर्षं मुलामुलींची फार्मसीच्या मुलाखतींची तयारी करून घेतली. म्हणजे, करून घेणारे दुसरेच होते, त्या दुकानाचे मालक. मी इंग्रजीपुरती आणि अर्जांपुरती होते. ते गेल्या पौषात गेले. सईची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. म्हणून हे आत्ताच लिहायला बसले. मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहिलं तर ते गृहस्थ नुसते तऱ्हेवाईक वाटतील. अडेल तिथे आईकडून वाचून घ्या.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना आवडलं नसतं. दुकानाच्या पाटीवरही त्यांनी ते घालू दिलं नव्हतं. गाव त्यांना तोंडावर काका म्हणे आणि पाठीमागे 'बघून सांगतो' म्हणे. कारण काहीही विचारलं की त्यांचं पहिलं उत्तर ते असायचं. ही गोळी दुधाबरोबर चालेल का? बघून सांगतो. मग कपाळावरचा चष्मा नाकावर यायचा, खणातलं जाडजूड पुस्तक वर यायचं आणि रांग तशीच उभी. ज्या गोष्टी त्यांना जन्मभरात पाठ झाल्या होत्या त्यासुद्धा ते पुन्हा बघत. एकदा कचेरीतले एक क्लार्क वैतागून म्हणाले, "काका, तुम्हाला काही येतं की नाही?"

काका पान उलटत म्हणाले, "येतं. पण तुमच्या बायकोला कशावर सोडू, माझ्या आठवणीवर की पुस्तकावर?"

क्लार्क पुन्हा रांगेत उभे राहिले.

दुकानाची मांडणी अशी मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. डोकं, डोळे, कान यांची औषधं सगळ्यात वरच्या फळीवर. खाली घसा, मग छाती, मग पोट, मग गुडघे, आणि जमिनीलगतच्या खणात टाचांच्या भेगांची मलमं. माझ्या स्वयंपाकघरातले डबे तुम्ही पाहिले आहेत, तेव्हा मला हे बघून काय वाटत असेल ते तुम्हाला कळेल. मी एकदा सुचवलं की नावाप्रमाणे लावा, शोधायला सोपं जाईल. ते म्हणाले, "बाई, माणसाचं ए बी सी डी प्रमाणे दुखत नाही." आणि पाड्यांवरून आलेली माणसं, ज्यांना औषधाचं नाव घेता येत नसे, ती फळीकडे बोट करून 'तिथलं' म्हणत आणि काम होऊन जाई. फक्त पायाचं मलम मागणाऱ्यावर काका चिडत. वाकावं लागायचं ना. पाय सांभाळता येत नाहीत का, माझी कंबर जाते, असं पुटपुटत खाली बसत आणि वर येताना काउंटरला धरून येत.

औषध देण्याची तऱ्हाही अशीच वेगळी. पुडी गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायची, पण स्वतःचा हात काढायचा नाही. "आता तू मला सांग." कधी घ्यायचं, किती घ्यायचं, जेवणाआधी की नंतर, हे समोरच्याने आपल्या शब्दांत सांगितल्याशिवाय पुडी सुटत नसे. कित्येकदा काउंटरवर ओढाताण चाललेली दिसे. मोठमोठे साहेब आणि सूर्यमाळच्या पाड्यांवरचे म्हातारे यांत त्यांनी फरक केला नाही. मीही तुमच्या आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा पाठ दर महिन्याला म्हणून दाखवत असे.

आणखी एक खोड होती. एखादी बाई मुलासाठी पातळ औषध घ्यायला आली, की हे विचारत, घरात पोरं किती? नवीन माणूस गोंधळून जाई. बदलून आलेल्या एका बँकवाल्याने तर सरळ विचारलं, तुम्ही जनगणनेवाले आहात का. काका उत्तर देत नसत. आकडा ऐकून बरणीतून तेवढ्या लिमलेटच्या गोळ्या काढत, कागदात बांधत आणि बाटलीबरोबर देत. लोकांना वाटे, गिऱ्हाईक बांधून ठेवायची ही युक्ती आहे. तसं नव्हतं. ही सवय कुठून लागली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी रांगेत होते. पुढे सूर्यमाळकडची एक बाई उभी होती, दहाएक वर्षांची मुलगी तिच्या पदराला धरून. बाईने रिकामी बाटली काउंटरवर आपटली.

"तुझा औषीद खोटा हाय."

पाड्यावरची बोली लहानथोर सगळ्यांना एकेरीच हाक मारते, त्यात अपमान नसतो. पण काकांचा पारा चढलाच. सांगितलं होतं तसं दिलं का? दिला, ती म्हणाली. मग बाटली इतक्या लवकर संपली कशी?

"पोरां चार हायत. एकल्याला देयाचा नि बाकीच्यांना बघत बसवायचा? तुझ्या घरात असा करतात?"

औषध गोड होतं. घरात गोड आलं की ते सगळ्यांत सारखं वाटायचं, हा त्या घराचा नियम. आजारी होता तो मधला मुलगा. त्याच्या वाट्याला चौथा हिस्सा आला होता. ताप हटेना म्हणून ती इतक्या लांबून भांडायला आली होती. रांगेतले लोक हसले. बरेच हसले. त्या मुलीने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

काका आमच्याकडे वळले. "हसू नका. चूक माझी आहे. मी विचारलंच नाही." मग त्या बाईला त्यांनी बाकावर बसवलं, बाकीची पोरं औषध प्यायल्यानंतर कशी आहेत त्याची चौकशी केली, मुलाला आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात दाखवायला सांगितलं, आणि त्याला घेऊन यायला दुकान टाकून तिच्याबरोबर गेले. आम्ही रांगेतले तसेच राहिलो. मुलगा बरा झाला. लिमलेटची बरणी त्या आठवड्यात आली.

आता मी तिथे कशी जाऊन बसले ते. तुमचे आजोबा गेल्यावर त्यांच्या उरलेल्या गोळ्या मी परत द्यायला गेले. उरलेल्या गोळ्या घरात ठेवायच्या नाहीत, हेही काकांनीच शिकवलेलं. त्यांनी पट्ट्या घेतल्या, बाजूला ठेवल्या. फार वाईट झालं वगैरे काही म्हणाले नाहीत. वरच्या फळीकडे बघत म्हणाले, "उद्या दोन वाजता या. माझ्या पोरांना इंग्रजी बोलता येत नाही. शटर अर्धं असतं, वाकून या."

मी गेले. त्या वर्षी मला दुपार खायला उठायची. काकांना ते कसं कळलं, मी कधी विचारलं नाही. पण त्यांच्या दुकानाने माझ्या दुपारी भरून काढल्या, हे मी आजही विसरलेले नाही.

'माझी पोरं' म्हणजे बारावी होऊन फार्मसीला जाऊ पाहणारी. कोणी जव्हारची, कोणी मोखाड्याची, कोणी खोडाळ्याची. आपल्याकडे प्रवेशाच्या सरकारी फेऱ्यांमध्ये मुलाखत नसते. प्रवेश परीक्षेचे गुण, दाखले आणि कॉलेजांचा पसंतीक्रम यावर सगळं ठरतं. तो भाग मी सांभाळत असे. पण काही विद्यापीठं स्वतःच्या जागा मुलाखतीवर देतात, फी माफीच्या जागा तर हमखास. तिथे आमची मुलं पडत. त्यांना येत नसे असं नाही. आपल्याकडच्या मुलांना मोठ्यांसमोर उत्तर आलं नाही, की ती गप्प होतात आणि जमिनीकडे बघतात. इकडे त्याला वळण म्हणतात. समोर बसलेल्या परीक्षकाला ते ढ वाटतं.

आमचं मंडळ तिघांचं: काका, मी, आणि शेजारचे एक निवृत्त एसटी कंडक्टर. कंडक्टरांचं काम एवढंच की मुलगा बोलायला लागला की जांभया द्यायच्या, फोनवर बोलायचं, मध्येच खिडकीबाहेर बघायचं. काकांचं म्हणणं, परीक्षक असेच वागतात, सवय हवी. कंडक्टर ते फार मनापासून करत. कधीकधी खरेच झोपत.

पहिला प्रश्न ठरलेला: फार्मसीच का? आणि उत्तर ठरलेलं: मला समाजाची सेवा करायची आहे. हे वाक्य आलं की काका खुर्ची फिरवून पाठ करत आणि फडक्याने बाटल्या पुसायला लागत. मुलगा खरं काही बोलेपर्यंत बाटल्या पुसल्या जात. मोखाड्याचा एक मुलगा बराच वेळ घाम पुसून शेवटी म्हणाला, डॉक्टरकीला नंबर लागला नाही, आणि मला पांढरा कोट आवडतो. काका झटकन वळले. "हे खरं. आता पुढे बोल, कोट घालून काय करशील?" तो मुलगा आज वाड्याकडे दुकान चालवतो. पांढरा कोट घालूनच.

काजल आमच्याकडे आली ती बारावीच्या निकालानंतर. सूर्यमाळची. मी तिला ओळखलं नाही, काकांनी ओळखलं. ती निघून गेल्यावर मला म्हणाले, बाटली आपटणाऱ्या बाईची मुलगी.

तिचे गुण चांगले होते, पण जात पडताळणीचा कागद घरातल्या एका जुन्या नोंदीवर अडला आणि सरकारी फेरी निघून गेली. राखीव जागा हातची गेली. राहिली ती नाशिककडच्या एका विद्यापीठातली फी माफीची जागा, मुलाखतीवर मिळणारी. नाहीतर दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर. तिच्या वडिलांनी दुकानात येऊन हे अगदी शांतपणे सांगितलं. एक वर्ष घरी बसवून ठेवायला आमचा नाय जमत, काका. त्यांचंही खरं होतं.

काजलला रसायनशास्त्र उत्तम येई. इंग्रजी वाक्यं ती माझ्याकडून पटापट उचले. पण 'फार्मसीच का' विचारलं की संपलं. मान खाली. काका पाठ फिरवत नसत, बाटल्या पुसत नसत. नुसते बसून राहत. कंडक्टरसुद्धा जांभया विसरत. मुलाखत जवळ येत चालली आणि मला राहवेना. मी काकांना म्हटलं, तिचं कारण तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. त्या बाटलीची गोष्ट मी तिला पाच वाक्यांत सुंदर इंग्रजीत बसवून देते. परीक्षक ऐकत राहतील.

काका म्हणाले, "नको."

मी म्हटलं, मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

"म्हणूनच नको. त्या दिवशी गाव तिच्या आईला हसलं, बाई. आपण दोघं तिथे होतो. ती गोष्ट आपली नाही. तिला सांगायची तर ती सांगेल, नसेल सांगायची तर भट्टीवर जाताना तरी तिची तिच्याजवळ असेल."

आमचं चांगलंच वाजलं. दुसरं भांडण 'मला माहीत नाही' यावरून होतं. काका सगळ्यांकडून हे वाक्य मोठ्याने घोटून घेत: मला माहीत नाही, बघून सांगते. अंदाजाने औषध देणारा माणूस त्यांना खुनी वाटे. मी म्हणे, दुकानात ठीक आहे, मुलाखतीत असं म्हणू नये, येतं तिकडे विषय वळवावा. मी तसं शिकवलेली मुलं पास झाली आहेत आणि काकांनी शिकवलेलीही, तेव्हा सई, तू तुझं ठरव. काजलला आम्ही दोघांनी दोन्ही शिकवलं. बिचारी.

मुलाखतीच्या दिवशी काकांनी दुकान बंद ठेवलं. आपण तिघं जायचं, म्हणाले. डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारा कोट त्यांनी कपाटातून काढला होता. पहाटेच्या नाशिक गाडीत मोखाड्यापर्यंत मी काजलकडून वाक्यं म्हणवून घेतली. मग काका म्हणाले, बाई, आता पोरीला खिडकीतून बघू द्या. त्र्यंबकपर्यंत ती बाहेर बघत होती.

विद्यापीठात इस्त्रीच्या कपड्यांतली पुष्कळ मुलं होती, जाड फायली घेऊन. पालकांना बाहेर बसवलं. काजल आत गेली आणि दार लागलं. मी पर्समधल्या वस्तू नीट लावत बसले. काका समोरच्या फळ्यावरची प्रत्येक सूचना वाचत होते, वाचून झाली की पुन्हा पहिल्यापासून. इतर मुलं लवकर बाहेर येत होती. ही येईना.

आत काय झालं ते आम्हाला परतीच्या गाडीत कळलं. परीक्षक तिघे होते. पहिल्या सरांनी रसायनशास्त्रातलं काही विचारलं, ते तिला आलं. दुसरं आलं नाही. ती म्हणाली, "आय डोन्ट नो, सर. आय विल लुक इट अप अँड टेल यू." सरांनी विचारलं, कुठे बघशील? तिने पुस्तकाचं नाव सांगितलं आणि ते पुस्तक जव्हारच्या दुकानात कुठल्या खणात असतं तेही सांगितलं. सर हसले. तेवढ्यात कोपऱ्यातल्या मॅडमनी विचारलं की एक आई तापाच्या मुलाला पातळ औषध न्यायला आली आहे, तू तिला काय सांगशील? बाटली हलवायची, माप वापरायचं, पूर्ण दिवस द्यायचं. ही सगळी वाक्यं मी तिच्याकडून पाठ करून घेतली होती. पण सर हसले होते आणि इंग्रजी सगळं पळालं होतं. तिने मराठीत विचारलं:

"मॅडम, तिच्या घरी पोरं किती?"

मॅडम म्हणाल्या, त्याचा काय संबंध? आणि मग ती बोलली. आईने एक बाटली चौघांत कशी वाटली ते. त्यातला एक वाटा आपण स्वतः प्यायलो ते. भाऊ आजारी, आणि आपल्याला गोड लागलं म्हणून आपण आणखी मागितलं होतं, हेही. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आणि लोक हसले तेही तिने सांगितलं.

"मॅडमनी विचारला, मग बाकीच्या पोरांचं काय करशील," काजल गाडीत सांगत होती. "मी बोलले, आईला सांगेन की हा खाऊ नाही. पण नुसता सांगून ती ऐकणार नाही, तिच्या हातून नाही होणार तसा. बाकीच्यांच्या हातावर त्याच वेळी गूळ ठेवायला सांगेन. म्हणजे ती देऊ शकेल."

मॅडमनी पेन खाली ठेवलं, असं ती म्हणाली. म्हणजे चांगलं की वाईट, काका?

काकांनी ते कळायला मार्ग नाही असं सांगितलं आणि जेवलीस का म्हणून विचारलं. मग कोटाच्या कॉलरमध्ये मान घालून डोळे मिटले. झोपले नव्हते. मला बाजूने दिसत होतं.

निकाल माझ्या फोनवर आला, कारण संपर्काचा नंबर माझा दिला होता. सूर्यमाळला त्यांच्या पाड्यावर तेव्हा रेंज लागत नसे. निरोप पाठवता आला असता. जीपवाले रोज जातात. पण काकांनी शटर पूर्ण ओढलं आणि निघाले, मीही निघाले. खोडाळ्याहून पुढे जीप, आणि शेवटी चिखलातून पायी. त्या दिवशी त्यांनी कंबरेबद्दल एक शब्द काढला नाही.

काजलची आई उतारावरच्या नागलीतलं तण काढत होती. काकांना बघून ती सरळ उभी राहिली.

"काय रं काका, एवढा वर चढलास? आता कोणता औषीद खोटा निघाला?"

ते हसले. मोठ्याने, तोंड उघडून. मी त्यांना तसं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं: जागा मिळाली, फी माफ, वसतिगृहही मिळेल, शुक्रवारपर्यंत मूळ कागद घेऊन हजर व्हायचं. आणि सवयीने म्हणाले, आता तू मला सांग. तिने सगळं सांगितलं, एक गोष्ट चुकली नाही. काजल मागे येऊन उभी होती. रडत वगैरे नव्हती. आईच्या हातातला विळा घेऊन ती खाली बसली आणि राहिलेली ओळ पुरी करायला लागली.

आईने विचारलं, "तुझी पोरां काय करतात, काका?"

"नाहीत," काका म्हणाले.

ती घरामागे गेली, वेलीवरच्या दोन मोठ्या काकड्या आणल्या आणि त्यांच्या पिशवीत घातल्या.

त्यानंतर काका थोडीच वर्षं होते. शेवटी दम लागे, पण शटरखालून वाकून आत येणं त्यांनी सोडलं नाही. पौषातल्या एका सकाळी ते उठले नाहीत. दुकानाचा परवाना त्यांच्याबरोबर संपला; पुतण्याने जागा भाड्याने दिली आणि आता तिथे मोबाइल दुरुस्त होतात. त्याला माझं काही म्हणणं नाही.

काजल शेवटच्या वर्षाला आहे. नाशिकच्या एका इस्पितळात तिचं प्रशिक्षण चालू आहे. दिवाळीनंतर तिचे आईवडील अजूनही भट्टीवर जातात. एवढं सगळं बदलत नाही. धाकटा भाऊ मात्र आता त्यांच्याबरोबर जात नाही, तो जव्हारला शिकतो. सई, मी तुझ्याबद्दल काजलला सांगितलं आहे. तिने तुझा नंबर घेतला आहे आणि तुझी सराव मुलाखत घ्यायला ती तयार आहे. ती कडक आहे, आधीच सांगून ठेवते.

या वर्षी पाचजण येतात: दोन जव्हारची, एक खोडाळ्याची, आणि जवळच्या वांगणीच्या दोघी बहिणी, ज्या रस्ता खचला की इथेच आत्याकडे राहतात. इंग्रजी मी घेते. बाकीचं काजल फोनवरून घेते, आणि सुट्टीला आली की समोर बसून. वर्ग चालू आहे. रविवारी दुपारी दोन वाजता, आपल्या घरी, पुढच्या खोलीत.

तुमची,
आजी